ते आपलं न्यायला आलं

बंगळूरला माझी बदली झाली तेव्हा घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सरहद्द नाही, बर्फ नाही, समोरून गोळी नाही. आई म्हणाली, आता तरी अंग धरशील. मी इंजिनिअर्समधला हवालदार कदम. सुरुंग पेरायचे, पेरलेले काढायचे, कुठे न फुटलेला जुना गोळा सापडला की जाऊन तो निकामी करायचा, हे आमचं काम. बंगळूरची पोस्टिंग म्हणजे पंख्याखाली बसून पेन्शनची वाट बघायची, असं आम्ही गमतीने म्हणायचो. त्या पोस्टिंगमध्ये माझी तीन माणसं गेली. त्याआधी सरहद्दीवर माझ्या हाताखालचा एकही गेला नव्हता.

ही गोष्ट बोलायची नाही, असा तेव्हा हुकूम होता. हुकूम देणारे आता हयात नाहीत, आणि मीही किती दिवस पुरणार? तुम्ही सिव्हिलियन मंडळी यावर विश्वास ठेवाल, असा माझा आग्रह नाही. मी तिथे होतो, आणि जे पाहिलं तेवढंच सांगतो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. के. आर. पुरमच्या पुढे, व्हाइटफील्डच्या बाजूला आमचा छोटा कॅम्प होता. आता त्या भागात काचेच्या इमारती आहेत आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. तेव्हा नीलगिरीची लागवड, नाचणीची शेतं, द्राक्षांचे मळे आणि दगडाच्या खाणी, एवढंच होतं. कॅम्पमध्ये दोन बराकी, जेवणाचा लंगर, गाड्यांची शेड आणि एम. आय. रूम, म्हणजे दवाखान्याची खोली. सकाळी पी.टी., मग ट्रेनिंग, दुपारी साफसफाई, संध्याकाळी व्हॉलीबॉल. सगळं घड्याळावर.

आमचे अधिकारी कॅप्टन चेंगप्पा. कुर्गचे, वयाने माझ्याहून लहान, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांच्या खाली सुभेदार अरुमुगम. हे तमिळ, रिटायरमेंटला आलेले, आणि शिस्तीच्या बाबतीत आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारे. कुठूनही परत निघताना ते माणसं स्वतः मोजायचे. दुसऱ्या कुणी मोजलेलं त्यांना चालत नसे. तरुणपणी बर्फात त्यांच्या सोबत्याचा मृतदेह रात्रभर उघड्यावर राहिला होता. सकाळी गेले तेव्हा तो सापडला नाही. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, बूट पॉलिश करता करता, माझ्याकडे न बघता.

आणि नायक मानोजी राव. हा तिथलाच, के. आर. पुरमचा. आमच्या प्लाटूनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे पहिल्याच दिवशी गट्टी जमली. त्याचे वडील अप्पाजी शिंपी काम करायचे. स्टेशनजवळच्या गल्लीत पुढे दुकान, मागे घर. रविवारी आउटपास मिळाला की मी तिथे जेवायला. मानोजीची अक्का नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, वाढायची, आणि मी ते चावून खायला लागलो की सगळं घर हसायचं, कारण ते गिळायचे असतात. मी त्यांच्या मराठीची टर उडवायचो. अप्पाजी शिलाई मशीन न थांबवता म्हणायचे, "आम्ही शहाजीराजांसंगट आलेले. आमचं मराठी आहे तसंच आहे. तुम्ही तिकडे बसून बदललात." मानोजी मला सगळ्यांसमोर हवालदार साहेब म्हणे आणि एकटे असलो की अण्णा.

उन्हाळ्याचे दिवस होते. एके दिवशी सकाळी पोलिसांकडून निरोप आला. आमच्या कॅम्पपासून जवळच एक बंद पडत आलेली दगडाची खाण होती. तिथे आभाळातून काहीतरी पडलं होतं, आणि दगड फोडणारी मंडळी झोपड्या सोडून पळाली होती. विमानाचा तुकडा असेल, नाहीतर बॉम्ब. असल्या कामाला आम्हीच जाणार. एक जोंगा जीप आणि एक ट्रक घेऊन आम्ही निघालो. कॅप्टन साहेब, सुभेदार साहेब, मी, मानोजी आणि आठ-दहा जवानांचं एक सेक्शन.

खाण म्हणजे मोठा खड्डा. तीन बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, एका बाजूने गाडी उतरायची वाट. एका कोपऱ्यात जुनं पाणी साठलेलं, काळं आणि खोल. मधोमध ती वस्तू पडली होती. ट्रकच्या हौद्याएवढी, काळी, सोललेल्या नारळाच्या अर्ध्या कवटीसारखी. दुसरा अर्धा भाग उघडून बाजूला पडला होता. आत यंत्र नाही, सीट नाही, तारा नाहीत. नुसत्या जाड भिंती आणि त्यांवर आतून ओरखडे. आमच्या मीटरवर काहीही दिसलं नाही. बॉम्ब नव्हता, हे नक्की झालं आणि सगळे सैल झाले. कुणीतरी सिगारेट काढली.

मानोजी त्या कवचाभोवती फिरत होता. तो एका ठिकाणी वाकला, हाताने चाचपलं, आणि मला जवळ बोलावलं. तो मराठीत, हळू बोलला.

"अण्णा, कडी बाहेरून आहे."

मला क्षणभर कळलं नाही. मग मी पाहिलं. मनगटाएवढा जाड अडसर होता, आणि तो बाहेरच्या अंगाला होता. ज्याला आत ठेवलं होतं त्याने हे वाहन बनवलं नव्हतं. कुणीतरी, कुठेतरी, त्याला आत कोंडलं होतं आणि दूर पाठवून दिलं होतं. मी कॅप्टन साहेबांना हाक मारली, आणि तेवढ्यात पाण्याच्या कोपऱ्यातून ते बाहेर आलं.

त्याचं वर्णन मला पुष्कळ वेळा करायला लावलं गेलं आहे. आधी वरिष्ठांनी, मग डॉक्टरांनी. रेड्यापेक्षा मोठं, जमिनीला धरून चालणारं. कातडी ओल्या दगडासारखी. पुढचे दोन पाय हातांसारखे, जाड आणि लांब. डोळे मला दिसले नाहीत. तोंड खालच्या बाजूला. वास जळक्या वायरचा. ओरडलं नाही, गुरगुरलं नाही, काही नाही. सरळ आलं आणि सगळ्यात जवळ जो उभा होता त्याला धरलं. तो मानोजी होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो.

आम्ही गोळ्या झाडल्या. एस.एल.आर. रायफलींच्या गोळ्या त्याच्या अंगात शिरत होत्या, त्या जागी कातडी थरथरताना दिसत होती, पण ते थांबलं नाही. आमच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मानोजीला ओढत पलीकडच्या कड्याच्या कपारीत नेलं. तो तेव्हाच गेला होता, हे मी पाहिलं होतं. मग त्या जनावराने जे केलं ते बघून आमच्या बंदुका आपोआप खाली आल्या. कपारीत मानोजीला ठेवून ते त्याच्या अंगावर दगड रचायला लागलं. एकेक दगड उचलायचं, ठेवायचं, तोंडातून काहीतरी चिकट सोडायचं, पुन्हा दगड. सुगरण बाई उरलेलं जेवण झाकून ठेवते तसं. ऊन कलल्यावर त्याची हालचाल मंद झाली आणि ते जाऊन पाण्यात बुडून बसलं.

इथे आमच्याकडून जे घडलं ते कुठल्याही पलटणीकडून घडलं असतं. आम्ही मानोजीला घेऊन आलो. आपला माणूस मागे ठेवायचा नाही, हे आम्हाला रिक्रूट असल्यापासून शिकवलेलं असतं. सुभेदार साहेब स्वतः पुढे झाले. चौघांनी पाण्यावर बंदुका रोखून धरल्या, आणि आम्ही दोघांनी दगड बाजूला केले. वर आल्यावर सुभेदार साहेबांनी माणसं मोजली आणि त्यात मानोजीला धरलं. खोटं कशाला सांगू, ट्रकमध्ये बसताना रडू येत होतं आणि छातीही फुगली होती. वाटत होतं, त्या जनावराच्या हातात काही ठेवलं नाही.

मानोजीला एम. आय. रूममध्ये बर्फावर ठेवलं. त्याच्या अंगाला तो चिकट थर होता. नर्सिंग असिस्टंटने स्पिरिटने पुसून पाहिला. निघाला नाही, वासही गेला नाही. कॅप्टन साहेबांनी वायरलेसवर वर रिपोर्ट दिला. पलीकडून विचारणा झाली की जंगली हत्ती तर नाही ना. साहेबांनी पुन्हा सगळं सांगितलं. रॉकेट लाँचरवाली तुकडी पाठवतो, पण ती येईपर्यंत दोन-तीन दिवस जातील, असं उत्तर आलं. खाणीच्या वाटेवर पहारा बसवला. घरी निरोप माझ्या तोंडून गेला. अप्पाजींनी मशीनवरचं कापड काढून घडी केली आणि विचारलं, पोराला कधी आणताय. उद्या दुपारी, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अप्पाजी चार नातेवाइकांना घेऊन वेळेआधीच गेटवर आले. सोबत बांबू, मडकं, कोरं कापड. कागदपत्रं व्हायची होती म्हणून त्यांना गेटजवळच्या झाडाखाली बसवलं. ऊन डोक्यावर आलं होतं. तेवढ्यात खाणीवरच्या पहाऱ्याचा सेटवर आवाज आला.

"निघालं. रस्ता सोडून झाडीतून. कॅम्पच्या दिशेने. ओव्हर."

नीलगिरीची झाडं मोडत ते आलं. काटेरी तारा त्याने अंगावर घेतल्या आणि तशाच ओढत आणल्या. लंगरच्या मागे आमच्या बकऱ्या बांधलेल्या होत्या. त्यांना ओलांडून पुढे गेलं. आचारी हातात झारा घेऊन जागच्या जागी थिजला होता, त्याच्या बाजूने गेलं. बराकीत माणसं होती, तिकडे वळलं नाही. सरळ एम. आय. रूमकडे. तेव्हा मला कळलं की ते कुणाच्या मागे आलेलं नाही. ते आपलं न्यायला आलं होतं.

एम. आय. रूमच्या दारावर सॅपर थॉमसची ड्यूटी होती. केरळचा जवान, अबोल, रोज संध्याकाळी बायबल वाचणारा. बाजूला हो म्हणून आम्ही लांबून ओरडत होतो. त्याला ऐकू गेलं असेल, नसेल. आत त्याच्या साथीदाराचा मृतदेह होता आणि तो पहाऱ्यावर होता. त्याने हॉल्ट म्हटलं, आणि मग मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या झाडल्या. त्या जनावराने त्याला मारायचं म्हणून मारलं नाही. वाटेत आलेलं दार ढकलावं तसं ढकललं. थॉमस भिंतीवर आदळला तो पुन्हा उठला नाही.

कॅप्टन साहेबांनी आगीचा बंब सुरू करायला लावला. टाकीचं गार पाणी अंगावर पडलं तसं ते मंदावलं. अर्धं दारात, अर्धं बाहेर, असं थोडा वेळ थांबलं, आणि मग मागे फिरून आलं त्याच वाटेने गेलं. तोवर सुभेदार साहेबांनी मागच्या खिडकीतून आत उडी टाकून मानोजीचं स्ट्रेचर कोपऱ्यात ओढून धरलं होतं.

त्यानंतर कॅप्टन साहेबांनी मला आणि सुभेदार साहेबांना शेडमध्ये बोलावलं. त्यांच्या आजोबांच्या काळात घरात शिकार चालायची. बिबट्या गाय मारतो, झाकून ठेवतो आणि परत येतो. त्याचा मारा, म्हणजे मारलेली शिकार, कुणी हलवला तर तो माग काढत जातो. हे जनावर त्याच जातीचं आहे, ते म्हणाले. त्याला आपल्याशी वैर नाही, अक्कल म्हणावी तर तीही नाही. थंडीत सुस्त पडतं, उन्हात उठतं, आणि त्याला एवढंच माहीत आहे की मानोजी त्याचा आहे. उद्या दुपारी ते पुन्हा येणार. मानोजी जिथे असेल तिथे येणार.

मला गेटवरचे अप्पाजी आठवले. मानोजीला घरी नेलं तर ते त्या गल्लीत जाणार होतं. जाळलं तर? मी विचारलं. साहेब म्हणाले, मग ते नवा मारा शोधेल, आणि तो कोण असेल, कुठे असेल, हे आपल्याला कळणार नाही. आत्ता ते कुठे येणार हे आपल्याला माहीत आहे, पुढे माहीत असेलच असं नाही. मानोजीला परत खाणीत न्यायचं, कड्याखाली ठेवायचं, वर सुरुंग भरायचे आणि ते आलं की कडा खाली आणायचा. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

सुभेदार साहेब तमिळमध्ये काहीतरी पुटपुटले आणि हिंदीत म्हणाले की मृतदेहाला पहारा असतो, एकट्याला सोडणार नसाल तर मी तयार आहे. कॅप्टन साहेबांनी मान हलवली. ते पुढे म्हणाले, मी हुकूम देऊन हे करू शकतो, पण वडिलांनी हो म्हटल्याशिवाय करणार नाही. आणि ते माझ्याकडे बघत राहिले, कारण अप्पाजींशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलणारा मी एकटाच उरलो होतो.

आयुष्यात मी जिवंत बॉम्बवर बसून काम केलं आहे. गेटपर्यंतचं ते अंतर त्याहून अवघड गेलं. अप्पाजी झाडाखाली उभे होते. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून मला वर्णन करावं लागलं नाही. मी फक्त साहेबांचं म्हणणं सांगितलं.

"गल्लीत येईल ते?" त्यांनी विचारलं.

"येईल, अप्पाजी."

"गल्लीच्या तोंडाला शाळा आहे." मग ते म्हणाले, "ते रागावलंय का आमच्यावर?"

"नाही. त्याला राग कळत नाही."

"मग मी तरी कुणावर रागावू?"

अप्पाजींनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. न्या. स्वल्प पाणी तापवून द्या. आंघोळ घालतो पोराला, मग न्या."

हेच मला सांगायचं राहिलं होतं. साहेबांनी बजावलं होतं की मृतदेहाला पाणी लागता कामा नये. त्या वासावरच सगळी भिस्त होती, स्पिरिटने गेला नाही तरी तापल्या पाण्याने जाणार नाही याची खात्री नव्हती, आणि गार पाण्याने ते कसं मागे फिरलं हेही आम्ही पाहिलं होतं. मी खाली बघत म्हणालो, "आंघोळ घालता येणार नाही, अप्पाजी."

त्यांच्यासोबतचे नातेवाईक पुढे झाले, एकाने माझ्या शर्टाला हात घातला. अप्पाजींनी त्यांना कन्नडमध्ये मागे सारलं. ते माझ्या अगदी जवळ आले.

"त्याची आई गेली तेव्हा तो दीड वर्षाचा. तेव्हापासून मीच घातली त्याला आंघोळ, शाळेत जाईपर्यंत. आणि आज तसाच मळका पाठवू?"

मी हो म्हणालो. त्यांनी आत जाऊ द्या म्हटलं. एम. आय. रूममध्ये मानोजीजवळ बसून त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे. खांद्यापाशी बाही पूर्ण उसवली होती. अप्पाजींनी खिशातून सुई-दोरा काढला आणि बाही शिवून दिली. बारीक, सरळ टाके, दुकानात गिऱ्हाइकाला द्यावेत तसे. दोरा दाताने तोडला आणि बाहेर जाऊन बसले. रडले नाहीत. मीच मोटर शेडच्या मागे जाऊन रडलो.

तिसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही खाणीत उतरलो. सकाळच्या गारव्यात ते पाण्यातच असणार होतं. दगडवाल्यांनी कड्याच्या माथ्यावर जुनी भोकं पाडून ठेवली होतीच. आम्ही त्यांत स्फोटकं भरली, कॉर्ड जोडली, केबल समोरच्या वाटेवर आणली. एक्सप्लोडर, म्हणजे स्फोट करायची पेटी, माझ्या हातात. शेजारी कॅप्टन साहेब सेट घेऊन. कड्याखाली, बरोबर आम्हाला हव्या त्या जागी, मानोजीला स्ट्रेचरवर ठेवलं. सुभेदार साहेब कडा कोसळेल त्या जागेच्या बाहेर एका खडकाआड उभे राहिले. अप्पाजी वर, रस्त्यावर, पोलिसांच्या गाडीजवळ होते.

ऊन तापलं तसं पाणी हललं. ते बाहेर आलं, थांबलं, आणि मानोजीकडे गेलं. माझा अंगठा तयार होता. कॅप्टन साहेब म्हणाले, "रुको." ते अजून पूर्ण कड्याखाली आलं नव्हतं. आणि त्याने मानोजीला उचललं, आणि वळलं.

जागा निवडताना आम्ही शिपाई लोकांनी आमच्या सोयीची निवडली होती. त्याला त्याची जागा हवी होती, ती पलीकडची कपार, जिथे त्याने दगड रचले होते. तिथे आमचे सुरुंग नव्हते. ते मानोजीला घेऊन चालायला लागलं, आणि थोड्याच वेळात ते आमच्या हातातून निसटणार होतं. कपारीतून ते पुन्हा कुठे जाईल, याचा भरवसा नव्हता.

सुभेदार साहेब खडकाआडून बाहेर आले. बंदूक त्यांनी खाली ठेवली होती. ते धावले नाहीत, चालत गेले, आणि त्यांनी मानोजीचे दोन्ही बूट घट्ट धरले आणि मागे खेचलं.

कॅप्टन साहेब सेट विसरून ओरडले, "साहब, पीछे हटो."

कुठल्याही कुत्र्याच्या तोंडातली भाकरी ओढून बघा. तो ती घेऊन पळायचं विसरतो आणि तिच्यावर उभा राहतो. त्या जनावराने तेच केलं. मानोजीला खाली ठेवलं, त्याच्यावर पाय रोवले आणि सुभेदार साहेबांकडे तोंड केलं. ते कड्याखाली होतं. पूर्ण कड्याखाली. आणि सुभेदार साहेबही. त्यांनी बूट सोडले नाहीत. सोडले असते तर ते पुन्हा चालू लागलं असतं, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही कळलं.

"कदम," ते म्हणाले. "फायर."

मी कॅप्टन साहेबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून हुकूम निघेना. त्या जनावराने पुढचा हात सुभेदार साहेबांच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी पुन्हा माझं नाव घेतलं. किंचाळून नाही. परेडवर माझी टोपी वाकडी असली की जसं घेत, तसं.

मी दाबलं.

कडा आला. धूळ बसायला फार वेळ लागला. त्या ढिगाखालून काही हललं नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत आणि दुसरी पूर्ण दुपार बंदुका रोखून बसलो. काही हललं नाही.

लोक विचारतील, पस्तावा होतो का. मला दुःख होतं, आणि ते रोज होतं. पस्तावा होत नाही. त्यांनी हुकूम दिला होता आणि तो बरोबर होता. त्यांच्या जागी मी असतो तर बूट धरून उभा राहिलो असतो का, हे मात्र मला माहीत नाही.

ढिगारा उपसायचा नाही, असा वरून निर्णय आला. ते खाली मेलंय की नुसतं गारठलंय, याची खात्री कुणी देईना. त्यामुळे मानोजी तिथेच राहिला आणि सुभेदार साहेबही. माणसं मोजायला आता कुणी नव्हतं, म्हणून मी मोजली. दोन कमी भरली. रेकॉर्डवर ट्रेनिंगमधला अपघात असं लागलं. थॉमसची पेटी त्याच्या गावी गेली. सुभेदार साहेबांच्या घरी मी टोपी आणि मेडल घेऊन गेलो. त्यांच्या बायकोने एकच विचारलं, ते एकटे होते का? नाही म्हणालो. ते खरं होतं.

खाण सील करायच्या आदल्या दिवशी अप्पाजींना आत येऊ द्यावं, अशी मी साहेबांना विनंती केली. ते रिक्षाने आले. मांडीवर कापडात गुंडाळलेला तांब्याचा हंडा, अंगावर सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. घरून तापवून आणलेलं पाणी होतं. अजून वाफ निघत होती. मी आधार द्यायला गेलो तर त्यांनी हात झटकला. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी ते बसले आणि तांब्याने पाणी त्या दगडांवर घालायला लागले. डोक्यापासून पायांपर्यंत, जसं घालतात तसं, खालचं कुणी बघत असल्यासारखं. पाणी फटींतून आत जात होतं.

अर्धा हंडा झाल्यावर ते थांबले.

"ते दुसरे साहेब, पोराचे पाय धरून होते ते. त्यांना घातली का कुणी?"

नाही, मी म्हणालो. त्यांचं घर लांब आहे.

"नाव काय त्यांचं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोन वेळा म्हणून पाहिलं, अरुमुगम, अरुमुगम, जीभ नीट वळेपर्यंत. मग उरलेला अर्धा हंडा त्यांनी त्या नावाने घातला.